जुनी आवृत्ती

"प्रबुद्धभाऊ, हे कपाट बघून झालं?"

"झालं साहेब. तीनदा झालं."

"मग चौथ्यांदा बघू," असं म्हणत हर्षदसाहेबांनी बाह्या वर सारल्या आणि खालचा कप्पा स्वतःच उपसायला घेतला. मिलचा मॅनेजर स्टोअरच्या फरशीवर मांडी घालून बसतो, हे काही रोजचं दृश्य नव्हे. पण खोपोलीजवळच्या त्या लहानशा पेपर मिलमध्ये चार दिवसांपासून रोजचं असं काहीच घडत नव्हतं. मशीन बंद होतं.

मिलमध्ये मशीन एकच. एका टोकाला रद्दीचा लगदा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने खाकी कागदाची रिळं काढून द्यायची, एवढं त्याचं काम. त्याच्यावर हुकूम चालवायला एक कॉम्प्युटर होता, शहाण्णव साली बसवलेला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारा. वाफ किती, वेग किती, कागदाची जाडी किती, सगळं त्याच्या पोटात. रविवारी लाइट गेली, आतली बॅटरीही मेली आणि सोमवारी सकाळी या गृहस्थाने सगळं विसरून कोरी यादी पुढे केली. दोनशे बारा आकडे भरा, मग पुढचं बोला.

भरणार कुठून? तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. पुण्याहून अक्षय नावाचा इंजिनिअर आला, त्याने मोबाइलवर सहाशे पानांचं मॅन्युअल उतरवलं, ते पुढच्या मॉडेलचं निघालं. स्टोअरमध्ये होतं तेही तसलंच. कंपनीने मागाहून पोस्टाने पाठवलेली दुसरी आवृत्ती, गुळगुळीत कागदाची, चित्रांसकट, आणि या कॉम्प्युटरच्या दृष्टीने काडीच्या उपयोगाची नाही. हवी होती पहिली, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर मशीन बसवणाऱ्या माणसाने ते दोनशे बाराही आकडे हाताने लिहून ठेवले होते. मालकाने शनिवारपर्यंत मुदत दिली होती. पुस्तक सापडलं नाही, तर मशीन वजनावर विकायचं आणि सत्तर माणसांनी घरी बसायचं.

आणि ते निळं पुस्तक कुठे आहे, हे त्या सत्तरांत एकट्या प्रबुद्ध जाधवला ठाऊक होतं. ते कुठेच नव्हतं.

एकतीस वर्षं प्रबुद्ध स्टोअर सांभाळत होता. त्याच्या खिडकीवर येऊन कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही, अशी त्याची ख्याती. बेअरिंग मागा, वॉशर मागा, दहा वर्षांपूर्वीचं चलन मागा, तो उठणार आणि डोळे मिटून हात घालणार. दोन वर्षांपूर्वी मिलला कसलंसं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून ऑडिट झालं. टाय लावलेल्या ऑडिटरने कपाटावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "नवी आवृत्ती आल्यावर जुनी हाताशी ठेवायची नाही. नष्ट करायची." नवी आली की जुनी बाद, यात न पटण्यासारखं काय आहे? प्रबुद्धला ते पटलं. पुस्तकाच्या शेवटी हाताने लिहिलेली पानं आहेत, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पुस्तकं वाचणं हे त्याचं काम नव्हे, ठेवणं हे काम.

दुसऱ्या एखाद्या कारखान्यात ती पुस्तकं रद्दीवाल्याकडे गेली असती, वर्ष-दोन वर्षं गोदामात पडून राहिली असती, आज कुणी पाय धरून परत आणली असती. पण पेपर मिलमधला माणूस रद्दी बाहेर कशाला देईल? प्रबुद्धने निळ्या पुस्तकासकट एकोणचाळीस जुनी पुस्तकं हातगाडीवर घातली, रद्दी घुसळून लगदा करणाऱ्या पल्परपाशी नेली, त्यांचे पुठ्ठे सोलून बाजूला ठेवले आणि एकेक करून आत सोडली. दहा मिनिटांत लापशी झाली. संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरने आपलंच पुस्तक लाटून, वाळवून, खाकी कागद म्हणून बाहेर काढलं. ऑडिटरने प्रबुद्धची पाठ थोपटली आणि त्या रात्री त्याला फार छान झोप लागली होती.

हे सोमवारीच सांगायला हवं होतं. सांगू, सांगू म्हणता गुरुवार उजाडला. भीती नोकरीची नव्हती, दोन वर्षांनी ती सुटणारच होती. भीती होती लोक आपल्याकडे कसे बघतील याची.

"साहेब," तो म्हणाला, "मी पोशीरला जाऊन येऊ? चांगोभाऊंनी कुठे लिहून ठेवले असतील आकडे."

"जा. ताबडतोब जा," हर्षदसाहेब कप्प्यातून मान न काढता म्हणाले.

चांगो भोईरने बावीस वर्षं ते मशीन चालवलं होतं आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन तो पोशीरला, आपल्या गावी, राहायला गेला होता. प्रबुद्धने मोटरसायकल कर्जतवरून नेरळच्या रस्त्याला घातली. काय आशा बाळगावी हे त्याला वाटेत कळत नव्हतं, तरी आशा होती.

चांगो आणि त्याची बायको मैना ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"आरं परबुद्धा! ये, ये. मैना, च्या टाक गं. आमचा ष्टोरकीपर आला." चांगोने पाट पुढे सरकवला. "मशीन कशी हाय माजी?"

"बंद हाय, भाऊ. कॉम्प्युटरचं आकडं गेलं समदं."

"मंग भरा की. निळ्या पुस्तकात हायेत, शेवटाला."

"तुमी कुठं लिवून नाय का ठेवलं? वही, डायरी, काय बी?"

चांगो हसला. "मी कशाला लिवू रं? लागलं की तुज्या खिडकीवर यायचं, सही करून पुस्तक घ्यायचं, बोट ठिवून आकडं भरायचं, सांच्याला पुस्तक परत. डोक्यात कशाला भरून ठिवू?" मग त्याला काही आठवलं. "माज्या सेंडाफच्या दिशी तर मागितलं हुतं ना मी तुज्याकडं. म्हनलं, घड्याळ नको, शाल नको, ते पुस्तक दे, आठवन म्हून. काय म्हनलास तू?"

प्रबुद्ध शेंगांकडे बघत राहिला. "कंपनीची वस्तू हाय, म्हनलो."

"आन वरनं म्हनलास, त्येच्यावर नंबर पडलाय! लई राग आला हुता मला. आठ दिस बोललो नाय कुनाशी. मंग म्हनलं, बरोबर हाय त्याचं. आमच्या घरात उंदरांनी खाल्लं आसतं. परबुद्धाकडं हाय तर हाय."

चहा आला. प्रबुद्धने कप घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"भाऊ, नाय हाय ते. ऑडिटला मीच पल्परमधी टाकलं. माज्या हातानं."

चांगोच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. मैनावहिनी दाराशी उभ्या होत्या. चांगोने ओरडावं, दोन शिव्या हासडाव्या, असं प्रबुद्धला मनापासून वाटत होतं.

"उंदीर बरं म्हनायचं," शेवटी चांगो म्हणाला.

मग त्याने कॅलेंडरचं एक जुनं पान मागवलं, पेन्सिल घेतली आणि डोळे मिटून बसला. वाफेचे पाच आकडे त्याने लिहिले. वेगाचे सहा लिहिले. एक खोडला, पुन्हा तोच लिहिला. कपाळाची शीर फुगेपर्यंत आठवून पाहिलं. चहावर साय धरली. अकरा झाले आणि त्यापुढे पेन्सिल हलेना.

"नाय रं," तो म्हणाला. "हुतं ते बोटाखाली हुतं." आणि एकदम त्याने विचारलं, "लोकं शोधतायत का आजून?"

"शोधतायत. समदी."

"मंग तू हितं काय करतोस?"

प्रबुद्ध उठला. परतीच्या वाटेवर त्याला रस्ता दिसत होता एवढंच.

मिलमध्ये हर्षदसाहेबांनी पल्परची सगळी हकिकत ऐकून घेतली. आवाज चढवला नाही. अकरा आकड्यांच्या पानाची घडी घालून खिशात ठेवली, "बरं" म्हणाले आणि मालकांना फोन लावायला बाहेर गेले. प्रबुद्ध रेकॉर्डच्या खोलीकडे वळला.

मशीन बंद म्हणून हातांना काम नव्हतं, त्यामुळे वीस-पंचवीस जणं तिथे होती. पॅकिंगच्या बायका, बॉयलरवरची माणसं. सगळ्यांच्या केसांवर धूळ. पॅकिंगमधली रूपा खोकी रिकामी करून एकेक पुस्तक उलगडून बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, ती फक्त निळा रंग शोधत होती. त्याला बघताच ती म्हणाली, "काका, वरचा माळा झाला. आता खालचा घेतोय. सापडंल बगा."

"रूपा, ठेव ते खाली," प्रबुद्ध म्हणाला. "पोरींनो, कुनी शोधू नका. ते पुस्तक नाय हाय. दोन वर्सांमागं मी पल्परमधी टाकलं. मला सोमवारपास्नं ठावं हाय."

कुणीतरी पत्र्याचा डबा खाली ठेवला. रूपा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिला अजून नीट समजलंच नव्हतं.

"मंग काका," तिने विचारलं, "आता आमी काय करायचं?"

रूपा उत्तरासाठी थांबली, मग खाली बसली. फरशीवर पसरलेलं एक पुस्तक तिने उचललं, पदराने पुसलं आणि फळीवर उभं करून ठेवलं. मग दुसरं. बाकीच्याही बायका वाकल्या. मिलमध्ये त्या दिवशी तेवढंच काम होतं, ते त्या नीट करू लागल्या.