मास्तरांच्या नावावरची गाडी

इनास मास्तरांची जुनी गाडी विकली गेली तेव्हा मला बरंच वाटलं. मी सत्यवान, देवबागात रिक्षा चालवतो. शेजारच्या म्हाताऱ्याची गाडी गेली म्हणजे मला एक गिऱ्हाईक वाढलं. रिक्षावाल्याकडून साधुसंतपणाची अपेक्षा कुणी करू नये.

मास्तर बहात्तर वर्षांचे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली. मुलगा कुवेतला, तो वर्षातून एकदा येतो आणि उरलेलं वर्ष फोनवरून घर चालवतो. घरात सून ईडा आणि एकोणीस वर्षांचा नातू सॅविओ. ईडा दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. मास्तरांकडे चौदा वर्षं एक छोटी पांढरी गाडी होती. सोमवारी मालवणचा बाजार, रविवारी चर्चमधली मिस, आणि पावसाळ्यात एकदा एकट्यानेच आंबोली. धबधबा बघायला नव्हे, घाट चढायला. वर जायचं, टपरीवरचा चहा गाडीत बसून प्यायचा आणि खाली उतरायचं. चौदा वर्षांत गाडीला ओरखडा नाही आणि विम्याच्या कंपनीकडे एक पैसा मागितलेला नाही, हे ते सगळ्यांना इतक्यांदा ऐकवायचे की आम्ही त्यांना बघून रस्ता बदलायचो. पण खरं होतं ते. माणूस खोटं बोलत नसे. त्याचाही कंटाळाच यायचा.

बाजाराच्या वाटेवर तारकर्लीला मथुरा त्यांच्या गाडीत बसायची. मथुरा मासे विकते. तिची पाटी ते स्वतः उचलून डिकीत ठेवायचे. घरी आल्यावर ईडा वासावरून जे काही बोलायची ते मला माझ्या पडवीत ऐकू यायचं. मास्तर डिकी धुवायचे आणि पुढच्या सोमवारी पुन्हा पाटी घ्यायचे.

मग सॅविओला पहिली गाडी हवी झाली. पोरगा देखणा, आईचा लाडका, आणि लवकरच पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर नोकरीला जाणार म्हणून गावभर तोरा मिरवणारा. जहाजाचं बोलावणं येईपर्यंत दिवस कसे काढायचे, तर गाडी हवी. आम्ही सगळे कुडाळला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. सोबत विम्याचं काम करणारा कौस्तुभ. सॅविओ गेला तो थेट एका उंच काळ्या गाडीपाशी आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून त्याने फोटो काढून घेतला.

"ही नको," कौस्तुभ म्हणाला. "इंजिन मोठा तसो विम्याचो हप्तो मोठो. हजार सीसीच्या आतली घे. पोराची पयली गाडी ही घासूकच आसता रे. घासली तरी रडू येवचा नाय अशी घे."

शेवटी एक लाल, छोटी, चार वर्षं वापरलेली गाडी ठरली. कौस्तुभने हप्ता काढला. ईडाला तोही जास्त वाटला. तेव्हा कौस्तुभने मास्तरांना विचारलं, जुन्या गाडीवर कधी क्लेम घेतला होता का.

"कधीच नाय," मास्तर म्हणाले आणि पुन्हा ती चौदा वर्षांची आरती म्हणायला लागले. कौस्तुभने ती पहिल्यांदाच मन लावून ऐकली. मग त्याने ईडाला समजावलं: क्लेम न घेतल्याबद्दल जी सूट मिळते ती गाडीची नसते, मालकाची असते. मास्तरांची सूट आता वरच्या टोकाला पोचलेली. त्यांनी जुनी गाडी विकली आणि नवी त्यांच्याच नावावर घेतली, तर ती सूट नव्या गाडीवर येते. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता निम्म्यावर.

"पण जुनी विकूकच व्हयी?" मास्तरांनी विचारलं.

"पप्पा, नाव तुमचा, चावी तुमची," ईडा म्हणाली. "जुनी जाता आणि नवी येता. तुमचा काय कमी झाला?"

मास्तर गणिताचे. निम्मं म्हणजे निम्मं, हे त्यांना पटलं. जुनी गाडी आठवड्यात गेली. घेणाऱ्याने डिकीत नाक खुपसून पैसे पाडून मागितले आणि मास्तरांनी ते मुकाट्याने मान्य केलं.

नवी गाडी त्यांनी एकदा चालवली. सॅविओ बाजूला बसून "शापाय, क्लच जळतलो, शापाय, सांभाळा" करत होता. आजोबांना ख्रिस्ती घरांत शापाय म्हणतात. दोन वळणांनंतर मास्तरांनी गाडी थांबवून चावी त्याच्या हातात दिली. ती चावी मग त्याच्या खिशातच राहिली. मास्तर सोमवारी माझ्या रिक्षातून बाजाराला जाऊ लागले. मथुराची पाटी त्यांनी मलाही घ्यायला लावली. तिचं भाडं तेच द्यायचे, म्हणून मी नाक दाबून घेतली.

सॅविओकडे नुसतं शिकाऊ लायसन्स होतं. शेजारी लायसन्सवाला माणूस असल्याशिवाय त्याने गाडी चालवायची नाही, हा नियम वाडीतल्या लहान पोरांनाही माहीत होता. सॅविओ एकटा फिरत होता. ईडा बघत होती. मास्तर रोज बोलत होते आणि रोज त्यांना सांगितलं जात होतं की हप्त्यात एवढे वाचले ते बघा.

गणपतीनंतर एका दुपारी ईडा धावत माझ्याकडे आली. सॅविओचा फोन आला होता. मी तिला आणि मास्तरांना रिक्षात घातलं. तारकर्लीच्या अलीकडे, सुरूच्या झाडांपाशी लाल गाडी तिरकी उभी. मथुरा रस्त्याच्या कडेला पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं. बांगडे सगळीकडे पसरलेले. आसपास दुसरं कुणी नाही. सॅविओ वाकून बंपर बघत होता.

"मागसून येवन घातल्यान," मथुरा म्हणाली. "मी कडेनच चललेलंय, मास्तरांनू. तो खाली उतरलो तेव्हा बघलंय तेका."

मास्तरांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत ते सोडलं नाही.

संध्याकाळी कौस्तुभ मास्तरांच्या घरी आला. मीही होतो, माझ्या रिक्षाच्या सीटला रक्त लागलं होतं आणि त्याचं कोण बघणार हे मला विचारायचं होतं. तो विषय राहूनच गेला.

"गाडी मास्तरांची, लायसन्स मास्तरांचा, चलवी होते मास्तर," कौस्तुभ म्हणाला. "ह्याच्यात खोटां एकच आसा, आणि तां सगळ्यांच्या सोयीचा आसा."

सॅविओ कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता. त्याच्यावर पोलीस केस झाली तर जहाजाची नोकरी गेली, हे ईडाने तीनदा सांगितलं. मास्तर म्हणाले, "मी चलवी नव्हतंय."

"माका म्हायत आसा तां," ईडा म्हणाली. "तेचा अख्खा आयुष्य पुढे आसा. तुमका आता खंय जावचा आसा?"

ती हे ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे, जेवायला वाढू का विचारावं तशी बोलली. मला मास्तरांची दया आली आणि रागही आला. इतकी वर्षं एवढ्या पोरांना छड्या मारल्या, एक आपल्या घरात मारायची होती.

"मथुरान बघल्यान हा," ते शेवटी म्हणाले. "ती सांगात तां मी मान्य करतलंय. ती म्हणात सॅविओ, तर सॅविओ. ती म्हणात मी, तर मी. मगे माका कोणी काय इचारूचा नाय."

केवढ्या खात्रीने बोलले. मथुरा त्यांच्या गाडीत चौदा वर्षं बसलेली, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. ती दुसरं काय सांगणार? ईडाने कौस्तुभकडे पाहिलं. कौस्तुभ चहा अर्धा टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला दवाखान्यात येणार होता. मी मास्तरांना आणि ईडाला घेऊन गेलो. मास्तरांनी चर्चला जाताना घालायचा सदरा घातला होता. व्हरांड्यात मथुराचा मुलगा शिवा भेटला. तो मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे. त्याने मला बाजूला घेतलं.

"राती कौस्तुभ येवन गेलो," तो म्हणाला. "चलवणाऱ्याकडे लायसन्स नसला तर कंपनी हात वर करता म्हणालो. कोर्टात धा वर्सां जातली. म्हातारो आसलो तर पैशे मिळतले." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आये आता पाटी घेवन चलाची नाय, सत्यवान. डॉक्टर सांगत होते."

कौस्तुभ बोलला ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही. शिवालाही नव्हतं. पण ज्याच्या आईची मांडी मोडली आहे तो कायद्याचं पुस्तक उघडून बसत नाही. मी आत गेलो तेव्हा हवालदार खुर्ची ओढून बसला होता.

"गाडी कोण चालवत होतं, मावशी?" त्याने विचारलं. "ओळखता का?"

मास्तर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. मथुराने त्यांच्याकडे पाहिलं. ते तिला धीर द्यावा तसे मानेने हो म्हणाले. वर्गात बरोबर उत्तर येत असलेल्या पोराला मास्तर असेच मान हलवून बोलतं करायचे. मथुराने पाणी मागितलं. शिवाने पाजलं.

"ह्येच होते," ती म्हणाली. "मास्तर."

हवालदाराने वर पाहिलं. "नक्की? गाडी तर तरुण पोरगा फिरवतो असं ऐकलंय."

मला वाटलं आता तरी ती अडखळेल. पण मथुरा बाजारात तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोललेली बाई. शिळा मासा ताजा म्हणून विकायचा तर काय काय बोलावं लागतं, ते तिला शिकवावं लागत नाही.

"ह्येच," ती म्हणाली. "डोळ्यांवर चष्मो नव्हतो. माका बघूकच नाय त्यांनी. मगे खाली उतरले आणि म्हणाले, मथुरा, माका दिसाकच नाय गो."

हवालदार भराभर लिहू लागला. मग त्याने मास्तरांना विचारलं, हे खरं आहे का.

मास्तर मथुराकडे बघत होते आणि मथुरा छताच्या पंख्याकडे. ईडाने मागून त्यांच्या कोपराला हात लावला. शब्द दिलेला होता, आणि तो त्यांनी दिलेला होता, म्हणून मोडायचा प्रश्न नव्हता.

"हो," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "मी चालवत होतो. चष्मा नव्हता."

बाहेर आल्यावर ईडाने सॅविओला फोन लावला. "झाला रे, जेवन घे," म्हणाली.

मास्तरांचं लायसन्स गेलं. खटला चालू आहे. सॅविओ जहाजावर गेला. तिथून निळ्या पाण्याचे फोटो पाठवतो. ईडा पर्यटकांना सांगते की आमच्या म्हाताऱ्याने हट्टाने गाडी चालवली आणि एका गरीब बाईला अपंग केलं, आणि मला वाटतं, आता तिचा त्यावर विश्वासही बसला आहे. वाडीतल्या बायका मास्तर दिसले की गप्प होतात. लाल गाडी नीट करून अंगणात झाकून ठेवली आहे, अजून मास्तरांच्याच नावावर.

मथुरा आता कुबडी टेकून येते आणि बाजारात एका जागी बसून विकते. नुकसानभरपाईचा दावा कोर्टात आहे, निकाल कधी लागेल कोण जाणे. तोवर तिला तेच बोलत राहणं भाग आहे, कारण बाजारात कोण कुणाला काय सांगेल याचा नेम नसतो. सोमवारी मी मास्तरांना तिथे सोडतो. दुसरीकडे ते मासे घेत नाहीत. ते समोर आले की मथुरा गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "ह्याच म्हाताऱ्यान माझो पाय मोडल्यान." गिऱ्हाइकं वळून बघतात. मास्तर पिशवी उघडून तिच्यासमोर धरतात आणि म्हणतात, "होय, मीच तो."

मग ती त्यांना बांगडे मोजून देते.