हिरवी फीत

“आपले मामा सर असते, तर आपणही शेवटपर्यंत मैदानात राहिलो असतो,” अल्बीना पुटपुटली आणि बटाट्याचं साल गरजेपेक्षा जाड काढलं.

“बटाट्यानं काय वाकडं केलंय तुझं?” मी म्हटलं.

“तुम्ही बोलू नका मावशी. तुम्ही सरांच्याच बाजूच्या.”

सिमडेग्याजवळच्या या हॉकी वसतिगृहात मी स्वयंपाक करते. नाव फुलकेरिया, पण पोरींची मी मावशीच. बाजू विचाराल तर मी चुलीच्या बाजूची. तरी त्या सकाळी माझ्याही मनात पाल चुकचुकत होती.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी उपांत्य सामन्यात प्रिस्काच्या घोट्याला चेंडू लागला. ती लंगडत होती, सगळं गाव बघत होतं. आमचे प्रशिक्षक बर्नाबस सर उठले, कडेने धावणाऱ्या अल्बीनाचा दंड धरला आणि तिलाच बाहेर बसवलं. दोन गोल केलेली पोरगी. प्रिस्का मात्र तशीच लंगडत खेळली. आणि प्रिस्का म्हणजे सरांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

“वर म्हणतात, पाय जप,” अल्बीना म्हणाली. “माझ्या पायाला काय धाड भरलीय?”

आज अंतिम सामना. जिंकणाऱ्यांना खस्सी मिळणार होता, म्हणजे चांगला पोसलेला बोकड. पण अल्बीनाचं लक्ष बोकडावर नव्हतं. रांचीहून निवड करणाऱ्या बाई येणार होत्या, एका मुलीला नेणार होत्या. निवड झाली नाही तर दिल्लीला धुणीभांडी करायला जायचं, हे तिच्या घरी ठरून गेलेलं. मोठी बहीण आधीच तिथे होती.

सरांचं यंदा काहीतरी बिनसलंच होतं. प्रत्येकीच्या केसांत वेगळ्या रंगाची फीत पाहिजे. चेंडू घेण्याआधी प्रत्येकीने स्वतःचं नाव ओरडलं पाहिजे. मध्यंतरी एका कंपनीचे साहेब संघ कसा बांधावा ते शिकायला आले होते. नावं पुकारण्याची रीत बघून त्यांनी माना डोलावल्या, वहीत लिहून घेतलं. सर नुसते हसले. मला ते हसणं आवडलं नव्हतं. त्यात दोनदा ते स्वयंपाकघराच्या पायरीला अडखळले, एकदा पेल्याबाहेर पाणी ओतलं. हंडिया, म्हणजे भाताची दारू, घेत असतील म्हणून मी ताट वाढताना जवळ वाकून वास घेतला. नुसता कडुनिंबाच्या दातवणाचा वास.

“फितींतच काहीतरी आहे,” कप्तान एलिसाबा भाताची पेज पिता पिता म्हणाली. “आज कोणीच बांधायची नाही. बघू मग भाचीला कसं ओळखतात.”

प्रिस्काचा घास हातातच राहिला. “असं नका करू गं.”

“का? तुझं काय जातंय?”

“काही नाही,” प्रिस्का म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून उठली.

“बघितलंत?” अल्बीना मला म्हणाली.

दुपारी मैदानाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली पोरी रांगेत उभ्या राहिल्या. एकसारखे सदरे, एकसारख्या वेण्या, फीत एकीच्याही केसांत नाही. पलीकडे झेंडूची माळ घातलेला खस्सी ती माळच चघळत होता. ढोलासारखा मांदर वाजत होता. मी पाण्याची घागर घेऊन मागे टेकले.

दर सामन्याआधी सर कप्तानाच्या दंडाला पट्टी स्वतः बांधत. बांधता बांधता तेच वाक्य म्हणत. पंधरा वर्षं ऐकतेय मी ते. “लागलं तर हात वर करायचा. लपवून खेळणारी स्वतः पडते आणि दहाजणींना पाडते.”

आज ते पट्टी हातात घेऊन आले आणि थांबले. रांगेवरून नजर फिरवली, परत फिरवली. हरवलेली शेळी शोधावी तशी.

“फिती कुठायत?”

प्रिस्काने तोंड उघडलं, तशी एलिसाबाने तिला कोपर मारलं.

सर दोन पावलं पुढे आले. अल्बीनासमोर उभे राहिले, अगदी हातभर अंतरावर. तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “एलिसाबा, हात दे.”

एलिसाबा तिथून तीन पोरी सोडून उभी होती. तिने मान खाली घातली. एकेक करत सगळ्यांनीच घातली. मला पेल्याबाहेर ओतलेलं पाणी आठवलं.

“सर, मी अल्बीना.”

“थट्टा पुरे,” सर म्हणाले. पण हात तिथेच थांबला.

अल्बीनाने प्रिस्काकडे पाहिलं. प्रिस्का दोन्ही तळव्यांनी डोळे पुसत होती. आता अल्बीना टोमणा मारणार, मला वाटलं. तोंड तिचं तिखटच.

“सर, काल फोटोसाठी प्रिस्काला माझी पिवळी फीत हवी होती,” ती हळू म्हणाली. “तिची हिरवी माझ्या केसांत होती.”

सरांनी पट्टी मुठीत आवळली.

“तुम्हाला दिसत नाही, सर.”

मांदर वाजतच होता.

“लागलं तर हात वर करायचा असतो ना?”

पट्टी मुठीत तशीच धरून सरांनी हात वर केला.