न वाजणारं चाक

सासऱ्यांचा निरोप सोमवारी आला. कल्याणला भात घालून परतलेल्या एका गाडीवाल्यानं तो अंगणात उभ्या उभ्याच सांगितला. "नाथाबाबा म्हणालेत, बुधवारी दुपारच्या आत गाडी दारात आली तर पोर आणि नातू पाठवतो. नाय आली तर पुन्यांदा येऊ नको."

याआधी दोनदा मी हौसाला, माझ्या बायकोला, आणायला निघालो होतो आणि दोन्ही वेळा पोचलो नव्हतो. पहिल्या खेपेला अर्ध्या वाटेत उजवं चाक घट्ट झालं, आसातून धूर यायला लागला आणि मी गाडी ढकलत घरी आणली. दुसऱ्या खेपेला शेजाऱ्याची गाडी मागितली, त्यानं आयत्या वेळी नाही म्हटलं. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं. मी त्याला बारशाला पाहिलं ते शेवटचं.

आमच्यात बाळंतीण पहिल्यांदा सासरी निघते ती माहेरच्या दारातून गाडीत बसून. गाडी आणायची ती सासरच्या माणसानं. सासरे स्वतः पोचवायला गेले तर पोर जड झाली म्हणून लोटली, असं लोक म्हणतात. त्यामुळं नाथाबाबांनी माझ्यापुढं दुसरी वाट ठेवलीच नव्हती.

धूर का आला ते मला कळत होतं. वंगण संपलं होतं. गाडीचं वंगण आमच्या घरात फक्त दादा बघायचा. दौलत, माझा थोरला भाऊ. चार महिन्यांपूर्वी आमची वाटणी झाली. त्याला खाडीकाठचं शेत गेलं, मला गाडी आणि बैलजोडी आली. घराच्या मधोमध कूड घातला गेला आणि बोलणं थांबलं. गाडी माझ्याकडं होती, पण तिचं चाक कसं काढायचं हे कुडाच्या पलीकडच्या माणसाला ठाऊक होतं. मी विचारायला गेलो नाही.

मंगळवारी सकाळी मी कामाला लागलो. बैल सोडून ठेवले, जू दगडावर टेकवलं, आसाखाली टेकू लावून एका बाजूचं चाक जमिनीपासून वर उचललं. चाक आसावर अडवून धरणारी खीळ जागेवर गंजून बसली होती. दगडानं ठोकताना अंगठा ठेचला. कुडापलीकडं दादा खोकला. तो ऐकत होता हे मला माहीत होतं, म्हणून मी कण्हलो नाही.

चाक ओढून काढलं तेव्हा आसावर काळा, खरखरीत चिखल दिसला. बोटावर घेतला तर त्यात लोखंडाचा कीस चमकत होता. चाकाच्या मागच्या अंगाला आसाभोवती चिंधी गुंडाळलेली असते. वाटेवरची माती आत जाऊ नये म्हणून. ती चिंधी दगडासारखी झाली होती. मी ती विळ्यानं कापून टाकली. वंगण बदललं की चिंधीही बदलायची, एवढं मी दादाला करताना पाहिलं होतं. घरात चिंधी सापडेना. दांडीवर हौसाचं एक हिरवं लुगडं होतं. त्याचा पदर फाडला.

मग पेंढा जाळून राख केली, एरंडेलात कालवली. किती तेलाला किती राख हे ठाऊक नव्हतं. बोटाला चिकटून राहील इतकं दाट केलं आणि आसावर थापलं. पुरे झालं असं वाटेना. पहिल्या खेपेचा धूर डोळ्यांपुढं होता. आणखी थापलं. दुसऱ्या चाकालाही तसंच. दादा डाव्या चाकाला बोटभरच वंगण लावायचा, हे मला आठवलं, आणि त्याच्या चिक्कूपणाचा रागही आला. मी डाव्या चाकाला उजव्यापेक्षा जास्त घातलं.

हात कोपरापर्यंत काळे झाले. राखेनं घासले, वाळूनं घासले. नखांतून आणि हाताच्या रेषांतून काळं जाईना.

बुधवारी उजाडताच निघालो. खाडी ओलांडायची ती कोनच्या तरीनं, माणसं-गाड्या पलीकडं नेणाऱ्या नावेनं. गाड्या घेणारी मोठी तर भरतीलाच हलते. पाणी उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि गाडी तरीवर चढत नाही. त्या दिवशीची भरती सकाळी होती. ती चुकली तर पुढची रात्रीची.

पाड्याबाहेर पडलो तसं माझ्या लक्षात आलं की गाडी वाजत नाही. लहानपणापासून ती गाडी करकरत चाललेली मी ऐकली होती. शेतात झोपलो असलो तरी दादा येतोय हे कळायचं. आता नुसते बैलांचे खूर आणि घुंगरं. चाकं फिरतायत की फरफटतायत, हे मान वळवून बघितल्याशिवाय कळेना. मी थांबलो, उतरलो, चाकाच्या मधल्या तुंब्याला हात लावला. थंड होता. पुन्हा बसलो. चार शेतं गेल्यावर पुन्हा मनात आलं की चाक घट्ट होत असेल. पुन्हा उतरलो. दुसऱ्या बाजूचं बघितलं. असं किती वेळा झालं मला सांगता यायचं नाही. एकदा तर गाडी चालू असतानाच चाकावर हात ठेवला आणि आऱ्यानं मनगटाला फटका दिला.

शेवटच्या बांधावर चढलो तेव्हा मोठी तर काठ सोडून निघाली होती. फार लांब नव्हती. तरीवर दोन गाड्या आणि काही माणसं उभी होती. मागच्या टोकाला पोपट, आमचा तरवाला, बांबूनं रेटा देत होता.

मी हाक मारली. पोपटानं वळून पाहिलं आणि बांबू तसाच धरून राहिला.

"काळू? तू कवा आलास?"

"आत्ताच. मागं घे."

"पाणी उतरतंय रे. मागं घेतली तर चिखलात बसंल. तू वाजला का नाहीस?"

मला त्याचं बोलणं कळलं नाही. तर पुढं सरकत गेली. तरीवरचा कोणीतरी म्हणाला, "जावई चोरपावलांनी चाललाय," आणि बाकीचे हसले. मी बैलांच्या दोऱ्या धरून उभा राहिलो. सूर्य चढत होता.

पलीकडं गाड्या उतरवून पोपट छोटी होडी घेऊन परत आला. तेवढ्यात मी बैल सोडून बांधाखालच्या झाडाला बांधले होते आणि पेंढा टाकला होता.

"बस," तो म्हणाला. "गाडी नाय, निदान माणूस तरी पोचू दे."

होडीत मी विचारलं, "वाजला नाहीस म्हणजे काय?"

"अरे, तुमच्या गाडीची करकर मला दोन बांध अलीकडं ऐकू यायची. आली की मी मोठी तर काठाला धरून ठेवायचो. दौलत डाव्या चाकाला हात आखडून वंगण लावायचा. गाडी वाजावी म्हणून मीच सांगितलेलं त्याला. आज कान दिला, काय नाय. म्हटलं, याही खेपेला नाय आला." त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. "तू घातलंस?"

मी हात पाण्यात घातले.

नाथाबाबांचं घर बंदराच्या वरच होतं. चिखलातून चढून अंगणात गेलो तेव्हा हौसा ओटीवर बसली होती, बाळ मांडीवर, बोचकं शेजारी. बोचक्याची गाठ सुटलेली होती.

नाथाबाबा दारात आले. "गाडी?"

"पलीकडं आहे. तर चुकली."

"पलीकडं आमची पोर नाय."

"मी सकाळपासून कान देऊन बसलेय," हौसा माझ्याकडं न बघता म्हणाली. "वाजली नाय. म्हटलं, निघालाच नसाल."

"वंगण घातलं म्हणून वाजली नाही."

"दौलतनं घातलं?" नाथाबाबांनी विचारलं.

"मी घातलं. दादाला विचारलं नाही."

ते पायरी उतरून आले, माझा हात धरला, अंगठ्यानं चोळला आणि नाकाशी नेला. सगळं आयुष्य त्यांनी बंदरावर गाडी हाकली होती.

"राख चाळली होतीस?"

"नाही."

"मग ती राख पावसाळ्याआधी आस खाऊन टाकील. चिंधी?"

"नवी घातली. लुगड्याची."

हौसानं आता माझ्याकडं पाहिलं. "कुठलं लुगडं?"

"दांडीवरचं. हिरवं."

"ते नवं होतं. बारशाचं, तुमच्याच हाती घरी पाठवलेलं."

नाथाबाबांनी तोंड फिरवलं. हसू आलं असावं, पण परत वळले तेव्हा चेहरा होता तसाच होता. "माझी पोर दारातून गाडीतच जाईल," ते म्हणाले. "त्यात बदल नाय." आणि गोठ्याकडं गेले. मी तसाच उभा राहिलो. हौसा बाळाला थोपटत होती, मला बसायला सांगत नव्हती.

थोड्या वेळानं त्यांची गाडी अंगणात आली, बैल जुंपलेले.

"मी पोर पोचवत नाय," ते कोणालाच उद्देशून बोलल्यासारखं म्हणाले. "या माणसानं चाक कसं बसवलंय ते बघायला होडीनं पलीकडं जातोय. बंदरापर्यंत गाडी रिकामीच चाललीय. कोणाला बसायचं तर बसा."

हौसानं बोचक्याची गाठ मारली.

पलीकडं उतरल्यावर नाथाबाबा आधी माझ्या गाडीकडं गेले. त्यांनी तुंब्याला हात लावला नाही. सरळ उजव्या चाकाच्या खिळीशी वाकले. ती अर्धी बाहेर आली होती. सकाळभर मी पुन्हा पुन्हा उतरून चाक गरम झालं का एवढंच पाहिलं होतं. आणखी कोसभर गेलो असतो तर चाक निसटलं असतं. त्यांनी दगड उचलला, खीळ ठोकली, वाकवून पक्की केली. बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि होडीत जाऊन बसले.

घरापर्यंत मी गाडीत बसलो नाही. खिळीवर नजर ठेवून चाकाशेजारून चालत राहिलो. हौसानं दोनदा विचारलं, गाडी चालतेय ना.

दादा त्याच्या ओटीवर दोर वळत बसला होता. गाडी त्याच्या समोर येऊन उभी राहीपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मग हौसाकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं, आणि कितीतरी वेळ डाव्या चाकाकडं.

"लई घातलंस," तो म्हणाला.

चार महिन्यांनी तो माझ्याशी बोलला ते एवढंच. मी बैल सोडले आणि डाव्या चाकासाठी टेकू आणायला गेलो.