नणंदेची पाठ

धुलाईच्या कारखान्यात बावीस वर्षं चादरींना इस्त्री केल्यावर तिनं ठरवलं, आता स्वीडिश मसाज शिकायचा. कारखान्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. घरचे हसले. थोरली नणंद तर म्हणाली, की चाळिशी उलटल्यावर हिला भलतीच हौस सुटलीय. वहिनीनं ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं आणि संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

वर्गात बाकीच्या सगळ्या लेकीच्या वयाच्या. स्नायूंची नावं पाठ करताना वहिनीच्या नाकी नऊ आले, तरी फडताळाच्या दारावर कागद चिकटवून तिनं ती घोकली. हाताचं काम तर आपल्याला येणारच, अशी तिची खात्री होती. नेमकी तिथेच माशी शिंकली. परीक्षेत टेबलावर पालथ्या झोपलेल्या परीक्षकबाई दुसऱ्याच मिनिटाला उठून बसल्या.

"जोर भरपूर आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही सुरकुत्या काढताय. इथं माणूस आहे."

वहिनी नापास झाली. तिसऱ्या दिवशी सरावाला लागली. नवऱ्याच्या पाठीचा उपयोग नव्हता, तो कशालाही छान म्हणायचा. लेक गुदगुल्या होतात म्हणून पळायची. खरं तोंडावर सांगणारं माणूस घरात एकच होतं. शिवणयंत्रावर वाकून वाकून मान आखडलेल्या नणंदेपुढे वहिनी जाऊन उभी राहिली.

"वन्सं, दुखलं की सांगायचं. माझं मन राखायचं नाही."

"ते मला कधी जमलंय?" म्हणत नणंद पालथी झाली.

तीन महिने रोज. ओरबाडतेस, हात गार आहेत, गाडी पकडायचीय का. नणंदेनं काही बाकी ठेवलं नाही. वहिनी हात पुसून प्रत्येक बोल वहीत उतरवायची. कापड रेटलं की सरकतं, स्नायू रेटला की हट्टाला पेटतो, हे तिच्या बोटांना हळूहळू उमगलं. एका दुपारी नणंद अवाक्षर बोलेना. वहिनी धास्तावली. वाकून पाहते तर वन्सं चक्क घोरत होत्या.

दुसऱ्या परीक्षेला त्याच बाई होत्या. त्यांच्या डाव्या खांद्याखाली वहिनीच्या हाताला गाठ लागली. पूर्वी ती त्या गाठीवर तुटून पडली असती. आता तिनं हात थांबवला.

"इथं दुखतं का?"

"आठ दिवस झाले," बाई म्हणाल्या. "हळू करा."

तिनं हळूच केलं. वेळ संपेपर्यंत बाई उठल्या नाहीत.

निकाल हाती येताच वहिनी आधी कारखान्यात गेली. महिनाअखेरीपर्यंत येईन, पुढं नाही, असं तिनं मुकादमाला सांगून टाकलं. घरी नणंदेनं कागद दोनदा वाचला.

"शेफारू नकोस," ती म्हणाली. "अजून कच्चीच आहेस."

"आहेच," वहिनी म्हणाली आणि पुढच्या वर्गाचा अर्ज भरायला बसली.