नकाशात नसलेल्या पायऱ्या

टक्.

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. एवढासाच, पण पहाटेच्या शांत घरात तो पट्टीच्या पाठीवर कोणी टपली मारावी तसा वाजला. तिने मान वर केली नाही. मागे नाना, तिचे वडील, उभे आहेत हे कळायला तिला मान वर करावी लागत नसे. लहानपणापासून तिच्या प्रत्येक रेघेमागे ते असेच येऊन उभे राहत आले होते.

जेवणाच्या टेबलावर तिने मोठा कागद पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवून. विद्यापीठाच्या नव्या विद्यार्थी केंद्राचा आराखडा. लेक उठायच्या आधीचे हे दोन तास तेवढे तिचे होते. लेक उठली की दिवस दुसऱ्यांचा.

पट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चार वर्षांची असताना ती वडिलांची लाकडी पट्टी घेऊन घरभर हिंडायची आणि दिसेल ते मोजायची: दार, मांजर, झोपलेली आत्या. तेव्हा चिकटलेलं नाव लग्नानंतरही सुटलं नाही. पुढे तिला मुलगी झाली ती काटकुळी आणि दिवसभर प्रश्न टोचणारी, म्हणून नानांनी तिची टाचणी केली. "तुमच्या घरात माणसं राहतात की कंपासपेटी?" असं शेजारच्या काकू विचारत. नवरा सहा महिन्यांसाठी परगावी कामाला गेला होता, त्यामुळे पट्टी आणि टाचणी सध्या माहेरीच होत्या.

नाना कागदावर वाकले. पट्टी वाट बघत राहिली. उत्तरेचा बाण वाकडा आहे, अक्षर मुंगीचं आहे, दार उघडलं की भिंतीवर आपटेल... काहीतरी येणारच. एकतीस वर्षं विद्यापीठाच्या बांधकाम विभागात नकाशे काढलेला माणूस, कागद बघून गप्प बसेल कसा?

पण तसलं काही आलं नाही. मग त्यांनी एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. "ही बाजू कुठे येते?"

"ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला लागून."

"केंद्र मैदानाकडे होणार होतं ना?"

"गेल्या महिन्यात जागा बदलली, नाना. मागची मोजमापं तुमच्याच नकाशावरून घेतलीत. मोकळीच जागा आहे ना ती?"

"माझ्या नकाशात मोकळी आहे," नाना म्हणाले.

त्यांनी डबी मिटली, पुन्हा टक्, आणि चहा न घेता बाल्कनीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने आई स्वयंपाकघरातून आली. "काय गं, काय बोललीस त्यांना? चहा नको म्हणाले. एवढ्या संसारात या माणसाने दोनदाच चहा नाकारलाय. एकदा दाढ काढली तेव्हा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"आत्ता."

चार वाजता हा कागद मुख्य अभियंत्यांच्या टेबलावर जायचा होता आणि परवा समितीपुढे. तिचं हे पहिलंच मोठं काम. टाचणी झाल्यावर चार वर्षं घरी बसून ती पुन्हा उभी राहिली होती, तीही अर्ध्या दिवसाच्या नोकरीवर, त्याच विभागात जिथे नानांनी जन्म काढला. "वडिलांच्या खुर्चीवर लेक" असं कोणी कौतुकाने म्हणे, कोणी खोचकपणे. दोन्ही तिने ऐकून घेतलं होतं. केंद्र चांगलं झालं की आपोआप तोंडं मिटतील, असा तिचा हिशेब.

आता तिला आठवलं की मागच्या बाजूला ती गेलीच नव्हती. पुढची बाजू मोजली, आजूबाजू मोजली. मागे झुडपं माजली होती आणि एक वाजता टाचणीची शाळा सुटायची. शिवाय मागच्या बाजूचा नानांचा नकाशा होता. विभागात म्हणच होती, नानांच्या नकाशात झाड आहे म्हणजे झाड आहे. तो नकाशा चौकटीत घालून मुख्य अभियंत्यांच्या खुर्चीमागे लावलेला होता. त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

नऊच्या सुमाराला नाना बूट घालून दारात उभे राहिले. "टाचणीला आज सुट्टी आहे ना? चला. आणि टेप घे, पन्नास फुटी."

"कुठे?" टाचणी.

"माझी चूक बघायला."

"मोठ्या माणसांच्या चुका दिसतात?"

"माझी दिसते. सिमेंटची आहे."

ग्रंथालयाच्या मागे झुडपांतून एक पायवाट गेली होती, रोजच्या पायांनी चोपून गुळगुळीत झालेली. नकाशात तीही नव्हती. फांदी बाजूला करून पट्टी पुढे गेली आणि थांबली.

सात पायऱ्या होत्या. रुंद, मधोमध झिजलेल्या, तीन बाजूंनी झाडांची सावली. वर जिथे दार असायला हवं तिथे विटांची भिंत. पायऱ्या कुठेच जात नव्हत्या, आणि माणसांनी भरल्या होत्या. एक मुलगी पुस्तक पालथं ठेवून, डोळे मिटून काहीतरी पाठ म्हणत होती. एक मुलगा दप्तर डोक्याखाली घेऊन असा झोपला होता की परीक्षा त्याच्या दुश्मनाचीच असावी. दोघं एका डब्यात जेवत होते, शेवटचा घास एकमेकांकडे ढकलत. सगळ्यांत वरच्या पायरीवर एक मुलगी रडत होती. तिच्या दोन पायऱ्या खाली तिची मैत्रीण नुसती बसली होती, तिच्याकडे पाठ फिरवून, तिला रडायला जागा देऊन.

पट्टीला आपला आराखडा आठवला. त्यात 'विद्यार्थ्यांसाठी अनौपचारिक बैठक' असं लिहिलेला एक चौकोन होता. तिथे बत्तीस खुर्च्या होत्या. तो चौकोन बरोबर या पायऱ्यांच्या छातीवर बसत होता.

"आत कपाटं लावायची म्हणून दार बुजवलं," नाना हळू आवाजात सांगू लागले. "मग वरून हुकूम आला, सगळ्या आवाराची पाहणी करा. जे बिनकामाचं ते नकाशात दाखवा, त्यावर लाल फुली मारा, म्हणजे पाडता येईल. मी पाहणीला आलो. दुपारची वेळ. म्हटलं, आधी डबा खाऊन घेऊ आणि मग फुली मारू. इथेच बसलो, तिसऱ्या पायरीवर. शेजारी एक पोरगा घरी पत्र लिहीत होता. लिहायचा, फाडायचा, लिहायचा. मला म्हणाला, काका, नापास झालो हे चांगल्या शब्दांत कसं सांगतात?"

"मग?"

"मला कुठे चांगले शब्द येतात. डब्यातलं अर्धं त्याला दिलं. परत गेलो आणि पायऱ्या काढल्याच नाहीत. कागदावर नाही ते पाडायचं कोणाला सुचणार? एकदा वगळल्या, मग पुढच्या प्रत्येक नकाशात वगळाव्या लागल्या. एकतीस वर्षांत मी एवढं एकच खोटं बोललो, तेही पेन्सिलीने." ते थांबले. "आणि आता तू येऊन त्यांच्यावर इमारत बसवतेस. माझ्याच कागदावर भरवसा ठेवून."

पट्टीला राग यायला हवा होता. आलाही, पण नानांकडे बघितल्यावर तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. ते एका हाताने पायरीची कड चाचपत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"साहेब विचारतील, नानांच्या नकाशात का नाहीत," ती म्हणाली. "मी म्हणेन, राहून गेल्या असतील. वयामुळे, घाईमुळे..."

नाना ताठ झाले. "तेवढं म्हणू नकोस. राहून गेल्या म्हणजे मी आंधळेपणाने काम केलं असं होतं. लपवल्या म्हण. खोटारडा म्हटलं तरी चालेल. ढिसाळ म्हटलेलं मला खपणार नाही."

त्यावर पट्टीला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. "टाचणे," तिने हाक मारली, "हे टोक धर. घट्ट."

मोजणी सुरू झाली. टाचणी टेपचं टोक धरून इकडून तिकडे धावत होती. टेप यायला लागली की मुलं पाय वर घेत, गेली की खाली ठेवत. झोपलेल्या मुलाला मात्र ओलांडूनच जावं लागलं. नाना आकडे पाहत नव्हते, आधीच सांगत होते. "पहिली पायरी जरा उंच आहे, आठ इंच. बाकीच्या साडेसहा. सातवी डावीकडे कललीय." टेप दर वेळी त्यांच्या बाजूने साक्ष देत होती.

"पाडणार का हो, ताई?" वरून त्या रडणाऱ्या मुलीने विचारलं. आवाज अजून ओला होता.

"मोजतेय," पट्टी म्हणाली. याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

टाचणीला घरी सोडून ती विभागात पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. मुख्य अभियंत्यांना सगळे साहेब म्हणत. भला माणूस, पण कागदावर डाग पडला तर त्याला रात्री झोप लागत नाही, अशी ख्याती. पट्टीने बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं: मागची बाजू आपण मोजली नाही हे आधी, पायऱ्यांचं नंतर, आणि नानांचं सगळ्यांत शेवटी, त्यांच्याच शब्दांत. लपवल्या.

साहेबांनी खुर्ची वळवून भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं.

"यांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं होतं," ते म्हणाले. "म्हणालो होतो, यांनी कागदापासून काही लपवलं नाही."

पट्टीने मांडीवरचा कागद सरळ केला.

"टाळ्या पण पडल्या होत्या." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं. पायऱ्या ठेवायच्या तर काय जाईल?"

"केंद्र बारा फूट पुढे येईल. दर्शनी कमान जाईल."

"समितीचा जीव त्या कमानीत आहे, मॅडम."

"बत्तीस खुर्च्याही जातील. त्यांची गरजच नाही, साहेब. मुलांनी आपली जागा आधीच शोधलीय. आपण फक्त तिच्या बाजूला इमारत बांधायची. केंद्राचं दार पायऱ्यांसमोर काढते मी. सावली तीच राहील."

साहेब हो म्हणाले नाहीत. त्यांनी उठून चौकट भिंतीवरून उतरवली, पाठीमागच्या पट्ट्या सोडवल्या आणि नकाशा काढून गुंडाळी केली. भिंतीवर फिकट चौकोन उरला.

"समिती आठ दिवस पुढे ढकलतो. नववा दिवस मिळणार नाही. मागची बाजू न मोजल्याबद्दल तुम्हाला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन, ते सुटलं असं समजू नका. आणि हे," गुंडाळी त्यांनी तिच्या हातात दिली, "त्यांना द्या. म्हणावं, ज्या हाताने गाळल्या त्याच हाताने काढा. खाली आजची तारीख टाका. समितीपुढे पायऱ्या न्यायच्या तर त्या मूळ कागदावर हव्यात. भाषण मी मागे घेत नाही म्हणावं."

संध्याकाळी टेबलावर पुन्हा चार वाट्या आल्या. आईने न विचारता चहा ठेवला आणि नानांनी तो न बोलता प्यायला. मग त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, स्वतःच्या तरुण हाताने काढलेल्या कागदावर वाकले, आणि हात थरथरायला लागला. ते थोडे मागे झाले. पुन्हा वाकले. पुन्हा तेच.

पट्टीने त्यांची जुनी लाकडी पट्टी कपाटातून काढली, कागदावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. "ओढा, नाना. मी धरलीय."

पहिली रेघ आली. दुसरी, तिसरी. प्रत्येक रेघेला ती पट्टी केसभर सरकवायची आणि ते पेन्सिल टेकवायचे. लहानपणी हेच उलट्या बाजूने चालायचं: पट्टी त्यांनी धरलेली, रेघ तिची. टाचणी खुर्चीवर गुडघे टेकून मोठ्याने मोजत होती. सातव्या रेघेला पेन्सिल डावीकडे घसरली. पट्टीचा हात खोडरबराकडे गेला.

"राहू दे," नाना म्हणाले. "खरी पण वाकडीच आहे."

त्यांनी तारीख घातली, खाली बारीक सही केली, आणि डोळे चोळत बाल्कनीत गेले. आई त्यांच्यामागे गेली. तिथून तिचा आवाज आला, "अहो, इतकी वर्षं मला कधी बोलला नाहीत ते?" त्यावर नाना काहीतरी पुटपुटले आणि आई हसली.

टाचणी कागदाजवळच होती. आजोबांनी सकाळी सांगितलेलं सगळं तिने ऐकलं होतं, आणि ऐकलेलं ती काही विसरत नसे. तिने त्या सात रेघांवरून, न टेकवता, बोट फिरवलं. मग टेबलावरचं खोडरबर उचललं, फ्रॉकच्या खिशात घातलं आणि वरून हाताने दाबून धरलं.

"आई, आता या कागदावर आल्या ना?"

"आल्या."

"म्हणजे आता खोडता पण येतील."

पट्टी वाट्या उचलता उचलता थांबली.

"आपलं मी घेतलंय," टाचणी म्हणाली. "पण आणखी कोणाकोणाकडे असतं गं, खोडरबर?"