दुसरं पाखरू

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या रस्त्यावरचा कुठलाही दुकानदार सांगेल. तेव्हा ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी आई दुकानाच्या मागच्या टेबलावर कागदाची फुलं चिकटवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लग्न करायचं म्हणतेय."

"कोणाचं?" मी विचारलं.

"माझं."

पुढे मी जे बोलले ते आठवलं की आजही कानाची पाळी तापते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "या वयात?" हे तर बोललेच, वर "लोक हसतील" असंही बोलले. लोक म्हणजे कोण, तर मीच, आणि मी तर हसतही नव्हते.

आमचं दुकान रबरी शिक्क्यांचं. पुढच्या भागात मी बसते आणि डॉक्टर, वकील, शाळा, कचेऱ्या यांचे शिक्के करून देते. बाबांनी काढलेलं दुकान, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मागच्या भागात आईचं टेबल. बाबा गेल्यावर तिनं बिघडलेल्या शिक्क्यांच्या कडा कापून त्यांची पानं-फुलं केली, ती शाईत बुडवून कागदावर उमटवली आणि पहिलं शुभेच्छापत्र तयार झालं. आता वाढदिवस, बाळाचा जन्म, आजारपण, निरोप, कशाचंही कार्ड लोक तिच्याकडून घेऊन जातात. माझ्या शिक्क्यांपेक्षा तिच्या कार्डांना गिऱ्हाईक जास्त, हे मी मान्य करते, फक्त तिच्यासमोर करत नाही.

नवरदेव रस्त्यापलीकडच्या दुकानातला, पुस्तकं बांधून देणारा बाइंडर. बासष्ट वर्षांचा, बारीक, कमी बोलणारा. दर शनिवारी तो आईला कागदाची कातरण आणून द्यायचा. पुस्तकाच्या कडा छाटल्या की उरतात त्या पट्ट्या. पहिल्यांदा त्या बोटभर रुंदीच्या होत्या. सहा महिन्यांनी तळहाताएवढ्या झाल्या. वर्षभरानं वहीएवढ्या. आणि शेवटी शेवटी तर अखंड ताव यायला लागले. जगात अखंड तावाला कोणी कातरण म्हणतं का? मला वाटलं, त्याच्या मशीनचं पातं बोथट झालं असेल. दिवसभर उलटी अक्षरं वाचणारी मी, पण डोळ्यांपुढची सरळ गोष्ट वाचता आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईनं एकच अट घातली, तीही मलाच. "तू मनापासून हो म्हणालीस तरच मी सही करीन. साक्षीदार म्हणून तूच हवीस. तोंड फुगवून उभी राहणार असशील तर मी त्यांना नाही म्हणून सांगते. मला चालेल."

तिला चालणार नव्हतं. ती "मला चालेल" म्हणते तेव्हा तिला काही म्हणजे काही चालत नसतं. पण मी म्हणाले, "तुझं तू बघ." हे काही हो नव्हे, हे मलाही कळत होतं आणि तिलाही. तरी तिनं ते अर्धं हो समजून पदरात पाडून घेतलं आणि कार्डांच्या तयारीला लागली.

साठ कार्डं करायची होती. बाइंडरनं कपाटातला ठेवणीतला कागद काढून दिला. जाड पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावतात तो, एका अंगानं पांढरा आणि दुसऱ्या अंगानं निळ्या-केशरी लाटांचा. त्यानं स्वतः कधी तरुणपणी रंगवलेला, आणि बरोबर साठ कार्डांपुरताच उरलेला. आईनं पांढरी बाजू बाहेर ठेवून घड्या घातल्या, आत मजकुराच्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि दर्शनी बाजूला डावीकडे एक पाखरू उमटवलं. फांदीवर बसलेलं, उजवीकडे बघणारं.

ते पाखरू बाबांनी कोरलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, तिच्यासाठी. बाबांचं पाखरू त्या कार्डावर बघून माझं डोकं पुन्हा तापलं. पण मी गप्प बसले. गप्प बसले की माझी भांडी जास्त वाजतात, एवढंच.

मग ती दोन दिवस मावशीकडे गेली, बातमी तोंडानंच सांगायला. जाताना माझ्या टेबलावर एक चित्र आणि चिठ्ठी ठेवून गेली. 'दुसरं पाखरू एवढं कोरून ठेव आणि कार्डांवर उजवीकडे उमटव. तुझा हात माझ्यापेक्षा सारखा पडतो. सोमवारी पोस्टात टाकायची आहेत.'

चित्राचं रबरावर कोरकाम करायचं तर माझी पद्धत सोपी आहे. पेन्सिलीनं काढलेलं चित्र रबरावर पालथं ठेवायचं आणि मागून नखानं घासायचं. चित्र रबरावर उलटं उतरतं, तसंच कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. आईच्या चित्रातलं पाखरू उजवीकडे बघत होतं. मी ते पालथं घातलं, घासलं, कोरलं आणि शुक्रवारी संध्याकाळी साठ कार्डांवर धपाधप उमटवलं. एकामागे एक, दोघंही उजवीकडे बघणारी. म्हटलं, असेल काहीतरी तिच्या मनात. विचारायला ती समोर नव्हती, आणि असती तरी मी विचारलं नसतं.

शनिवारी ती परत आली. बॅग दारातच ठेवून पहिल्यांदा कार्डांकडे गेली. एक उचललं. दुसरं उचललं. मग खुर्चीत बसली.

"पाठ फिरवायला लावलीस त्याला," ती म्हणाली.

"कोणाला?"

"दोघांनी एकमेकांकडे बघायला हवं होतं गं. हे दुसरं पाठ करून बसलंय. साठच्या साठ." तिनं कार्ड हलकेच खाली ठेवलं. "तोंडानं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. एवढं कोरून सांगायची गरज नव्हती."

"आई, मी मुद्दाम नाही केलं!"

"बरं," ती म्हणाली. "उद्या सांगते त्यांना, राहू द्या म्हणून. मला चालेल."

तिनं आरडाओरडा केला असता तर मी दुप्पट ओरडले असते आणि तासाभरात सगळं निवळलं असतं. आमच्याकडे तशीच रीत आहे. पण ती उठली आणि चहा टाकला, दोघींचा, माझ्यात साखर कमी घालून, जशी मला लागते तशी.

हातानं मुद्दाम केलं नव्हतं, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन. मनाचं मात्र सांगता येत नव्हतं, आणि तेच टोचत होतं.

रविवारी सकाळी आई न बोलता बाहेर गेली. दुकान बंद होतं. मी आतून कडी लावली आणि स्वतःला निर्दोष सिद्ध करायला तिचं चित्र शोधून काढलं. उजेडात धरलं. बघ, उजवीकडेच तर बघतंय! आणि तेव्हा वरच्या कोपऱ्यात ती बारीक फुली दिसली.

ती फुली मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलेली. बाबांची पद्धत वेगळी होती. ते चित्र पालथं घालत नसत. आई त्यांना आधीच उलटं काढून द्यायची आणि कोपऱ्यात फुली मारायची, म्हणजे ही बाजू वर. बाबा कागद तसाच रबरावर चिकटवायचे आणि कागदासकट कोरायचे. तीस वर्षं दोघांनी असंच काम केलं. आईनं माझ्यासाठी काढायला घेतलं आणि तिच्या हातानं बाबांसाठी काढलं. तिनं उलटं केलेलं मी आणखी एकदा उलटं केलं.

मी मोठ्यानं हसले. मग रडले. मग पुन्हा हसले, कारण रडून कार्डं दुरुस्त होत नाहीत. नवा शिक्का कोरणं तासाभराचं काम, पण कागद कुठून आणायचा? होता तेवढा संपला होता.

म्हटलं, निदान दुसरं पाखरू कापून काढू आणि त्या जागी वेगळं चिकटवू. पातळ पात्याची सुरी घेतली. चोचीपासून सुरुवात केली, डोकं, पाठ, मग खालून पोट, पाय. शेपटीशी आले आणि पात्याचं टोक मोडलं. कार्ड तसंच धरून मी दुसरं पातं शोधायला लागले, आणि अंगठा लागून ते अर्धवट कापलेलं पाखरू शेपटीपाशी दुमडलं. डावीकडे पालथं झालं.

पालथं झालं म्हणजे वळलं. आता ते पहिल्या पाखराकडे बघत होतं, चोचीला चोच लागेल इतकं जवळ. आणि कागदाची मागची बाजू वर आल्यामुळे ते निळ्या-केशरी लाटांचं झालं होतं. शाईच्या साध्या पाखरासमोर हे असं रंगीत, नटून आल्यासारखं. मी ते सरळ केलं, पाठ फिरली. वळवलं, तोंड फिरलं. दहा वेळा तरी केलं असेल. दुकानात कोणी नव्हतं म्हणून बरं.

कार्डांचं खोकं काखेत मारून मी रस्ता ओलांडला.

बाइंडर एकटाच बसला होता. "आत्ताच तुमच्या आई येऊन गेल्या," तो म्हणाला. "राहू द्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरं."

"बरं? भांडला नाहीत?"

"त्यांच्याशी भांडून तुम्ही कधी जिंकलायत?"

मी त्याच्यापुढे कार्ड ठेवलं. त्यानं चष्मा पुसला, बोटाच्या टोकानं पाखरू वळवलं, परत सरळ केलं, पुन्हा वळवलं. मग उठून दार लावून घेतलं, दिवा टेबलाजवळ ओढला आणि ड्रॉवरमधून घडी घालायची हाडाची पट्टी काढली.

"शेपटीवर आधी रेघ ओढून घेऊ," तो म्हणाला. "नाहीतर जाड कागद घडीवर फुटतो. तुम्ही कापा, मी घडी घालतो."

चौथं कार्ड त्यानं मला परत केलं. पोटाखाली एक धागाभर कागद राहिला होता. माझं काम परत करणारा माणूस मला अकरा वर्षांत भेटला नव्हता. मी निमूट पुन्हा कापलं.

विसाव्या कार्डाला मी विचारलं, "काका, ती कातरण एवढी मोठी कशी होत गेली?"

त्याचे कान लाल झाले. "सुरुवातीला खरीच होती. मग ती संपली. मग मी चांगले ताव कापून कातरण करायचो. त्याशिवाय त्या घेतल्या नसत्या." त्यानं पट्टी फिरवत एक घडी दाबली. "मग वाटलं, कापायचं तरी कशाला."

मी सुरी खाली ठेवली आणि पोट धरून हसले. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत, पण याच्यासारखा कोणी नाही. तोही हसला, आवाज न करता, खांदे हलवत. त्या क्षणी तो माणूस मला आवडला. नुसता चालण्यासारखा वाटला असं नाही, आवडला. आणि माझ्या आईला दोन वर्षं दर शनिवारी कोणाची तरी वाट बघण्याचं सुख मिळत होतं, याचा मला इतका आनंद झाला की तो आधी का झाला नाही याची लाज वाटली. ते मी त्याला सांगूनही टाकलं. तो म्हणाला, "हात चालू ठेवा, अजून चाळीस आहेत."

दुपारी तीनला शेवटचं कार्ड झालं, आणि मी आईला बोलावून आणलं. ती आली ती ओठ घट्ट मिटून, परक्या घरी आल्यासारखी. मी आधी तिचं चित्र टेबलावर ठेवलं आणि कोपऱ्यातल्या फुलीवर बोट टेकवलं.

ती बघत राहिली. "अगं बाई," हळूच म्हणाली. "हे तर मी तुझ्या बाबांना द्यायचे तसं काढलं."

"आणि मी ते पालथं घातलं."

"म्हणजे चूक माझी!"

"दोघींची."

आईनं फुलीवरून अंगठा फिरवला. डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. "दोघींची नाही गं. तिघांची. यांनी लावलेली सवय ती."

"चौघांची म्हणा," कोपऱ्यातून बाइंडर म्हणाला. "कागद माझा होता."

मग मी तिच्या हातात कार्ड दिलं आणि तिचं बोट धरून दुसऱ्या पाखराच्या चोचीखाली नेलं. तिनं उचललं. पाखरू शेपटीवर वळलं आणि रंगांसकट बाबांच्या पाखरासमोर येऊन बसलं. तिनं ते सरळ केलं, वळवलं, सरळ केलं, वळवलं, अगदी माझ्यासारखंच.

"आई, माझं हो आहे," मी म्हणाले. "मनापासून. तोंड बघ, फुगलंय का?"

तिनं खरंच माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली आणि नीट बघितलं, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी कार्ड बघते तसं. मग साठ कार्डांचं खोकं स्वतःकडे ओढलं.

"पाकिटात घालताना सगळी सरळ करून घाला," ती आम्हा दोघांना म्हणाली. "ज्याचं त्यानं आपल्या हातानं वळवू दे."