दहा यार्ड मागे

लेलंड कुबिचेक सत्तावीस वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला खुणेची काठी धरून उभा राहत आला होता. चेंडू जिथे, तिथे काठी. काठी धरणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, खेळणारं गाव आपलं असलं तरी. आज मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

गावची शाळा पुढच्या वर्षी शेजारच्या गावच्या शाळेत विलीन व्हायची होती. तिचा संघ आज हरला तर हा तिचा शेवटचा सामना. दोन गुणांनी मागे, सहा सेकंद उरलेले, चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपासून सतराव्या यार्डावर. संघातल्या लाथ मारणाऱ्या पोराचा चेंडू पंचविसाव्यापासून हमखास गोलच्या आडव्या दांड्यावरून जायचा, म्हणजे तीन गुण खिशातच. आधी एक पास टाकून बघितला, तो वाया गेला, आणि तेवढ्यात पंच ड्वेन हॉगनने नियम मोडल्याची खूण म्हणून पिवळं फडकं टाकलं. लेलंडच्या नातवाने, कोल्बीने, समोरच्याला धरून ठेवलं म्हणे. दंड दहा यार्ड मागे. म्हणजे लाथ आता सत्ताविसावरून.

धरलं? डोंबलाचं धरलं. लेलंडने चार पावलांवरून बघितलं होतं, पोराचे दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीवर उघडे होते. रागाच्या भरात तो काठी घेऊनच ड्वेनकडे तरातरा निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने जागा सोडली. चेंडू केव्हाच उचललेला, रेषा चिखलात पुसलेल्या.

"लेलंड, चेंडू कुठे होता रे?" ड्वेनने विचारलं. "तू सांगशील तिथून दहा मोजतो."

दोन यार्ड. काठी दोन यार्ड पुढे, पंधरावर रोवली की लाथ पंचविसावरून, काम फत्ते, आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. चोराकडून आपलाच माल परत घेतला तर ती चोरी कसली? लेलंडने दातओठ खात काठी बरोबर सतरावर रोवली.

लाथ सत्ताविसावरून बसली. चेंडू आडव्या दांड्याच्या हातभर खालून गेला. कोल्बी चिखलातच बसला.

"तुझ्यासारखा सच्चा माणूस बघितला नाही," ड्वेन जवळ येऊन म्हणाला.

"ते राहू दे. पोराने धरलं होतं?"

ड्वेन शिट्टीच्या दोरीशी चाळा करत राहिला. "नव्हतं. फडकं हातातून सुटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"मग उचलायचं होतंस. बाकीचे पंच उचलतात की."

"एवढ्या गर्दीसमोर? लाज गेली असती माझी."

"म्हणजे तुझी लाज राखायला आमच्या शाळेचा शेवटचा सामना गेला." लेलंडने काठी खाली टाकली. "चल, हेच त्या पोराला सांग. मी शेजारी उभा राहतो."

आणि ड्वेनची बाही धरून त्याने त्याला कोल्बी बसला होता तिथवर चालवत नेलं.